ढब्बूची बशी

ढब्बूने बशीतलं पहिलं बिस्कीट उचललं तेव्हाच मामा ‘हाड’ म्हणू शकले असते. तोंड उघडलंही होतं त्यांनी. पण ते नुसतंच उघडं राहिलं.

मामांच्या कॅफेची रीतच होती. गिऱ्हाइकांत भांडण पेटलं की आतल्या खोलीत दोन बशा मांडायच्या. ज्याने त्याने एकट्याने आत जाऊन हव्या त्या बशीत एक बिस्कीट ठेवून यायचं. कोणी कुठे ठेवलं, विचारायचं नाही. आजचं भांडण जुनंच होतं. सिगारेटच्या धुराने ढब्बूला शिंका यायच्या, आणि हा कुत्रा असा शिंकायचा की पलीकडच्या टेबलावर कपात लाटा उठायच्या. तेव्हा कॅफेत एक तर धूर राहणार, नाहीतर ढब्बू. बाहेर तोंडाने सगळे धुराचेच होते.

मामा आत मोजायला गेले, तर ढब्बूची बशी मात्र शिगोशीग भरली होती. धुराच्या बशीत जेमतेम चार. त्यातलं एक स्वतः मामांचं. खिशातल्या सिगारेटच्या पाकिटावर त्यांचा हात आपोआप गेला, आणि तेवढ्यात पायांमधून ढब्बू आत घुसला.

मामांनी दार हळूच लोटून घेतलं. ढब्बूच्या बशीत एकच बिस्कीट उरलं, तेव्हा कुठे त्यांनी ती ओढून घेतली.

बाहेर दोन्ही बशा टेबलावर आल्या.

“एवढीच?” शिंपी म्हणाला. “बाकीची गेली कुठे?”

“पोटात!” कोपऱ्यातून कोणीतरी ओरडलं. “पंख्याच्या भांडणात तू नव्हतं का तुझं मत चहात बुडवून खाल्लंस?”

कॅफे खो-खो हसला. ढब्बूच्या मालकीणबाई हसल्या नाहीत. आयुष्यभर नर्स होत्या त्या. इथे बसलेल्या निम्म्या लोकांना त्यांनीच पहिल्यांदा हातात धरलं होतं.

“म्हणजे हे माझं एकटीचंच,” बशीकडे बघत त्या म्हणाल्या.

शिंप्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, शेजारच्या सिगारेटवाल्या दोस्तांकडे पाहिलं आणि मिटलं. आणखी दोघातिघांचंही तसंच झालं. मामांनी सगळं पाहिलं. एक शब्द टाकला असता तर पुरे होता. तो घशापर्यंत आलाही.

“तुम्ही नका वाईट वाटून घेऊ, मामा,” नर्सबाईच म्हणाल्या. “पंचाने काय करायचं? निघालं ते दाखवलंत.”

शब्द आल्या वाटेने परत गेला.

बाईंनी पट्टा हातात घेतला आणि दाराकडे निघाल्या. पट्टा ताणला गेला. ढब्बू हलेना. तो मामांच्या पायांवर आडवा पडून, पोट वर करून शेपटी आपटत होता, जगात दुसरं कुणी इतकं भलं भेटलंच नसल्यासारखा.

“ऊठ रे बाबा,” बाई दारातून हळूच म्हणाल्या. “त्यांना नकोयस तू.”