जुन्या गेमबद्दल ठमीचं मत

तिसऱ्या वळणावर ठमीची लाल गाडी पुन्हा भिंतीवर आदळली.

"भंगार!" ती ओरडली. "डावीकडे दाबून अंगठा मोडायची वेळ आली, तरी हा गेम वळायचं नाव घेत नाही. याच्यासाठी आपण जेवणं सोडून बसायचो? काय बघितलं होतं यात?"

बाबांची निळी गाडी शेजारून सुळकन निघून गेली.

ठमीला अशी मतं मांडायचे पैसे मिळायचे. जुने कॉम्प्युटर गेम पुन्हा खेळायचे आणि एका वेबसाइटवर त्यांची सालं काढायची, हा तिचा धंदा. जुन्या गेमची आठवण काढावी, गेम काढू नये, असं ती बेधडक लिहायची. चित्रं चौकोनी, गाणं कानात खिळे ठोकल्यासारखं, ते एक वेळ चालेल. पण या जुन्या गाड्या हुकूम उशिरा ऐकतात, हे तिचं अलीकडचं लाडकं मत. वाचक खवळायचे. आमच्याकडे गाडी लोण्यासारखी वळते, म्हणायचे. ठमी हसायची. आंधळ्या प्रेमापुढे कोण काय बोलणार! संपादक मात्र परवा म्हणाला होता, "हल्ली लिहिताना अर्धी अक्षरं खातेस. जेवत नाहीस का?" तिने घाईवर खापर फोडून विषय मिटवला.

घाई होतीच, बाबांची काळजी होती. बाबा शाळेची बस चालवायचे. गेल्या वर्षी त्यांचा उजवा हात हळूहळू ऐकेनासा झाला. डॉक्टरांनी नसांच्या दुखण्याचं एक लांबलचक नाव सांगितलं आणि बोटं हलती ठेवा म्हणून बजावलं. मग ठमीनेच माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर खाली काढला, दोन कंट्रोलर जोडले आणि तिच्या लहानपणी बापलेक मिळून खेळायचे तो शर्यतीचा गेम लावला. डाव्या अंगठ्याने वळायचं, उजव्याने वेग द्यायचा. वेगाचं बटण नुसतं दाबून धरलं की झालं, तेवढं बाबांना जमायचं.

सुरुवातीला ती मुद्दाम हरायची. आजारी माणसाला तेवढंच बरं वाटतं. हल्ली फार मुद्दाम हरावंही लागत नव्हतं. बाबांचा चांगलाच हात बसला होता.

आणि तिथेच घोडं पेंड खात होतं. आठवड्यापूर्वी स्वयंपाकघरातून तिने बाबांना फोनवर बोलताना ऐकलं. "हो, नंबर लावा. हात दाखवायचाय." म्हणजे बाबांना आता डॉक्टरांचा दाखला हवा होता, परत बसवर चढायला! ज्या हातातून अजून चमचा निसटतो त्या हाताने चाळीस पोरांची बस! आणि या जिंकण्याची सवय लावली कुणी? तिनेच.

तिने समजावलं, भांडली, अबोला धरला. त्यांचं लायसन चादरींच्या घडीत लपवून ठेवलं. बाबांनी एकदाही विचारलं नाही. उद्या बघू, एवढंच म्हणायचे.

शेवटी आज तिने कंट्रोलर त्यांच्यापुढे धरला. "एक डाव. अगदी खराखुरा. मी जिंकले तर बसचं नाव काढायचं नाही."

बाबांनी कंट्रोलर हातात घेतला. "आणि मी जिंकलो तर उद्या डॉक्टरकडे निमूट चलायचं. वाद नाही, रडारड नाही."

"कबूल."

कबूल म्हणताना तिला खात्री होती. आता ती उरली नव्हती.

"थांबा, कंट्रोलर बदलू," ती म्हणाली. "माझं डावं बटण घासलंय."

बाबांनी निमूट अदलाबदल केली. पुढच्या वळणावर निळी गाडी झोकात वळली. लाल गाडी भिंतीत घुसली.

"तुम्हाला या भंगाराची सवय झालीय, बाबा! रोज बसता ना इथे!"

"असेल."

शेवटची फेरी आली. ठमीने ओठ दातांत धरले. बसच्या खिडक्यांना नाकं चिकटवून बसलेली पोरं तिच्या डोळ्यांपुढून हलेनात. देवा, एवढं एक जिंकू दे, ती मनात म्हणाली.

रेषेच्या जरा अलीकडे निळी गाडी थांबली.

"ये," बाबा म्हणाले. "मी थांबलोय. तू ये."

एकच वळण उरलं होतं. डावीकडचं. ठमीने सगळा जीव अंगठ्यात आणला. गाडी भिंतीवर गेली. तिने मागे घेतली, पुन्हा दाबलं, पुन्हा भिंत. आणखी एकदा. बाबांचे डोळे भरलेले तिला दिसले. ही कीव तिला सहन होईना.

"वळ ना रे, मेल्या!" ती गाडीवर खेकसली. पुन्हा भिंत.

बाबांनी आपली गाडी हळूच रेषेपार नेली.

ठमी हमसून रडायला लागली. कबूल केलेलं सगळं विसरली. "बाबा, पाया पडते तुमच्या. नका जाऊ बसवर. काही झालं तर काय तोंड दाखवणार आपण?"

बाबांनी कंट्रोलर बाजूला ठेवला आणि तिचा डावा हात आपल्या हातात घेतला. डॉक्टरांनी त्यांना शिकवलं होतं तसा ते तिचा अंगठा चोळू लागले.

"बस मी केव्हाच सोडली, ठमे," ते म्हणाले. "उद्याचा नंबर तुझ्या नावाने लावलाय. मीसुद्धा आधी महिनाभर स्टिअरिंगलाच शिव्या घालत होतो."