धावड्याच्या डिंकाचे लाडू

माझी मोठी बहीण गिरजाबाई बाळंतपणाला माहेरी आली आणि पोरगा झाल्याचं कळताच तिची सासू बैलांची दमणी जुंपून, डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन हजर! पण गिरजाबाईला बाळंतपणात आलेला ताप काही उतरेना. लाडू तोंडाजवळ नेला तरी ती मान फिरवायची.

मग सासूने डबा माझ्याकडे सरकवला. "खा वो कौसे, चांगला धावड्याचा डिंक आहे. तुह्या अंगावर मास नाई."

मी कशाला सोडते! सातवी पास झाले होते. जूनपासून चांद्याच्या हायस्कुलात जाणारी गावातली पहिली पोरगी मीच. भरल्या तोंडानं म्हटलं, "अवो मावशी, हे बाळंतिणीचं खाणं! मी तर शाळेत चालली!"

सगळे हसले. माय तेवढी हसली नाही.

तेव्हापासून सासू रोज मला समोर बसवून खाऊ घालायची, मनगट दाबून पाहायची. आज तिनं रडतं बाळ उचलून माझ्या मांडीवर ठेवलं. ते चूप झालं.

"पाहा, कसा चूप झाला हिच्यापाशी," ती मायला म्हणाली. "लेकराले परकी माय कशाले पायजे, विहीनबाई? घरातलीच बरी. शाळा राहू द्या. कौसीचे हात पिवळे कराची तयारी ठेवा."

माझा घास तोंडातच राहिला.



बाजेवरून गिरजाबाई म्हणाली, "आत्याबाई, मी जित्ती आहो ना अजून."