हयातीचा दाखला

भोपाळच्या सरकारी कचेरीतून निवृत्त झालेल्या वामनराव देवस्थळ्यांनी मोबाइलसमोर एकदा डोळे मिटून उघडले, की ते जिवंत आहेत हे शासनाला मान्य होणार होते. नाहीतर पेन्शन बंद. “कृपया पलकें झपकाइए,” ॲप विनवत राहिले. पक्षाघातानंतर त्यांचा चेहरा कोणाचीही आज्ञा पाळत नव्हता. तशी सवय त्याला पूर्वीही नव्हतीच.

डॉक्टरांनी मुलाला, निरंजनला, समजावले होते: मेंदूचा हुकूम चेहऱ्याच्या स्नायूंपर्यंत पोहोचत नसला, तरी खाली मस्तिष्कस्तंभातल्या पेशी शाबूत आहेत, मोठा आवाज झाला की त्या कोणालाही न विचारता पापण्या मिटवतात.

निरंजनने वडिलांच्या कानाशी खाडकन टाळी वाजवली. पापण्या मिटल्या, उघडल्या. वामनराव शासनदरबारी हयात ठरले.

“झालं, आई!” म्हणत तो वळला. बिट्टन मार्केटातून आणलेली मेथी निवडत मागे बसलेल्या आईने चेहऱ्यासमोर हात आडवा धरला होता.

“अगं, बाबांना आता हात उचलता येत नाही.”

“मला माहीत आहे रे,” ती म्हणाली. “माझ्या हाताला अजून कळलेलं नाही.”