अस्वलाची पाठ

अस्वलाचे बाहुले तिनेच शिवलेले. एकेक छायाचित्र काढून झाले की त्याला किंचित हलवायचे, म्हणजे पडद्यावर ते चालते. वीस वर्षे पाय नवरा हलवी, पाठ ती. गुडघेदुखीने ती घरी बसली, तेव्हा तो म्हणाला होता, “तुझ्या अस्वलाला परका हात लागणार नाही.” आज नव्या चित्रपटाची फीत पाहताना ती चमकली. बोटांनी दबलेली अस्वलाची लव प्रत्येक चित्रात वेगळी उमटते. पाठीवरचे ठसे नवऱ्याच्या जाड बोटांचे नव्हते. “अहो, पाठीवर हात कुणाचा?” “कुणाचा असणार? लव वाऱ्यानं हलली असेल.” “बंद खोलीत वारा सुटला? त्याला नाजूक बोटंही फुटली?” नवऱ्याने उगाचच चष्मा पुसला. “अगं, नवी मदतनीस आहे. नुसती पाठ तर धरते.” तिच्या अंगाचा तिळपापड झाला, पण आवाज चढला नाही. “तुमच्या वाट्याचे पाय द्यायचे होते तिला. पाठ माझी होती.”