गोड शेवटाची कादंबरी

डोंबिवलीची अमृता दर रविवारी इन्स्टाग्रामवर लोकांना कादंबऱ्या आणि गाणी सुचवायची. चाळीस हजार लोक तिचा शब्द प्रमाण मानत. एकदा कल्याणच्या उत्तमचा मेसेज आला, "ताई, माझी आई आता थोड्याच दिवसांची सोबती आहे. घर सोडून गेलेल्या माझ्या बहिणीची वाट बघतेय. तिला वाचून दाखवायला गोड शेवटाची कादंबरी सांगाल?"

अमृताच्या टेबलावर एक गाजलेली कादंबरी पडली होती. तिने फक्त मागचं कव्हर वाचलं होतं. "ही घ्या. शेवटी मायलेकी भेटतात," तिने ठोकून दिलं.

दहा दिवसांनी उत्तमने लिहिलं, "ताई, तुम्ही सुचवलेली कादंबरी आईला शेवटपर्यंत वाचून दाखवली. रोज विचारायची, मुलगी आली का रे? शेवटच्या पानावर ती येते, पण तिच्या आईची चिता विझल्यावर. आईने भिंतीकडे तोंड फिरवलं, मग बोललीच नाही. काल गेली. तुम्ही वाचली होती ना?"

अमृताने मेसेजचं पहिलं वाक्य तेवढं ठेवलं, बाकीचं कापलं आणि 'वाचकांचा प्रतिसाद' म्हणून स्टोरीला टाकलं.