चष्मा सापडेपर्यंत

तिच्या कॉम्प्युटरवर दोन्ही पानं डोळ्याचं पातं लवायच्या आत उघडली, तिचं आणि पेन्शनरचं.

"बघ! आहे काही फरक?" तिने पेन्शनरला विचारलं. वय तिशीचं, पण सगळा जीव जुन्या पद्धतीच्या स्टाइलशीटवर, म्हणून ऑफिसात त्याचं हे नाव पडलेलं.

दवाखान्यात नंबर लावायचं ते पान. मोकळ्या वेळेचं घर हिरवं, भरलेल्याचं लाल. ही सगळी रंगरंगोटी तिने वर्षभर खपून प्रोग्रॅमच्या आतच लिहिली होती. म्हणजे फोन आधी सगळा प्रोग्रॅम वाचणार, मग रंग ठरवणार, मग कुठे पान दाखवणार. पेन्शनरने हट्टाने तेच पान वेगळ्या पद्धतीने करून आणलं होतं, रंग आणि आकार आधीच ठरवून स्टाइलशीट नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये ठेवलेले. त्याचं खरं निघालं तर तिचं वर्ष पाण्यात.

"तुझ्या या मशीनवर धोंडासुद्धा पळेल," तो म्हणाला. "एखाद्या जुन्या फोनवर लावून बघ की!"

जुना फोन घरातच होता, आत्याचा. आत्याचा गुडघा ठणकत होता. रोज सकाळी आठला तिच्या याच पानावर नंबर सुटायचे, ती बरोबर आठला बसायची आणि रोज रिकाम्या हाताने उठायची. माझं नशीबच फुटकं, म्हणायची.

सकाळी ती आत्याशेजारी जाऊन बसली. आत्याने बोट टेकवलं. पडदा पांढराफटक. आत्या लंगडत उठली, उशीखाली पाहिलं, फ्रिजवर पाहिलं, शेवटी चष्मा स्वतःच्याच डोक्यावर सापडला. तो पुसून तिने डोळ्यांवर चढवला, तेव्हा पान उघडलं. सगळी घरं लाल.

"शहाणं आहे हो तुझं पान," आत्या कौतुकाने म्हणाली. "माझा चष्मा सापडेपर्यंत थांबतं."

तिला हसावं की रडावं कळेना. फोनच म्हातारा, पान तरी काय करणार, अशी तिने मनाची समजूत घातली. पण खरं काय ते कळल्याशिवाय चैन पडेना.

दुसऱ्या दिवशी आत्याला न सांगता तिने पेन्शनरचं पान लावून दिलं. फोन तोच, वेळ तीच. आत्याने बोट टेकवलं, सवयीने उठायला गेली आणि अर्ध्यातच थबकली.

"अगं, बिघडलं की गं हे! चष्म्याच्या आधीच उघडलं. आणि रंगही चुकलाय बघ, सगळी घरं हिरवी आलीत."