पलंगाचा चौथा पाय

लाकूड तेल पीत होतं आणि थांबायचं नाव घेत नव्हतं. कोमट तेलात बुडवलेलं फडकं अंगावरून फिरलं की हातातली लाकडी डबी क्षणभर गडद लाल व्हायची, आणि जरा वळून पाहावं तर पुन्हा कोरडी ठाक, राखेच्या रंगाची. कित्येक उन्हाळे सासरच्या तापल्या पत्र्याखाली पडून सुकलेलं शिसव ते. तिने न वैतागता फडकं पुन्हा बुडवलं. टेबलावर आणखी डब्या होत्या, भोवरे होते, दाराच्या मुठी होत्या.

तिच्या कातकामाच्या खोलीबाहेर टेम्पो थांबला. आधी तिचा थोरला भाऊ आत आला, त्याच्यामागून धाकटा दीर. दीर आपला सवयीने म्हणायचा; काडीमोड कधीच झाला होता, आणि तिच्याबरोबर तिचा पलंगही परत आला होता. त्याच्या खांद्यावर दोरखंड होतं.

"वहिनी, पलंग न्यायला आलोय," तो म्हणाला. "अण्णाचं दुसरं लग्न ठरलंय. आई म्हणाली, घरातला पलंग घरात यावा."

"वहिनी म्हणू नका. वहिनी तुमची आता येतेय." तिचा हात चालूच होता.

"चिमे, वाद नको," भाऊ घाईघाईने म्हणाला. "मी त्यांना शब्द दिलाय. एक पलंग तो काय! देऊन टाक आणि मोकळी हो."

"कुठंय पलंग?" दिराने विचारलं.

तिने कोपराने टेबल दाखवलं. "हा काय."

भावाने एक भोवरा उचलला, उलटसुलट करून पाहिला आणि चटका बसल्यासारखा खाली ठेवला.

"तू तोडलास? बाबांनी केलेला पलंग?"

"बाबांनी मला केलेला. लग्नात."

"अगं, पण मला विचारायचंस तरी!"

"शब्द देताना तू मला विचारलंस?"

दीर दोरखंड या खांद्यावरून त्या खांद्यावर करत राहिला. माणूस वाईट नव्हता. कुणीही पिटाळावं आणि याने निघावं, एवढंच. "आई मला घरात घ्यायची नाही," तो पुटपुटला. "नव्या सुनेला झोपायला..."

"खाली अंथरूण घाला म्हणावं. त्या पलंगावर तुमच्या आईच झोपायच्या. मी स्वयंपाकघरात, फरशीवर. पाणी प्यायला उठलात की मला ओलांडून जायचात, भाऊजी. विसरलात?"

तो विसरला नव्हता. त्याने मान खाली घातली, आणि तेव्हाच त्याला कोपऱ्यातला पाय दिसला. पलंगाचा चौथा पाय. भिंतीला टेकून उभा, अजून अखंड, चॉकलेटी ऑइलपेंटने चकचकीत. सासरी घराला रंग काढला की उरलासुरला डबा पलंगावर रिकामा व्हायचा.

"निदान तो तरी द्या. दाखवायला काहीतरी हवं ना."

"दे गं," भाऊ म्हणाला. "तेवढ्यावर मिटवून टाकू."

तिने फडकं झटकून खिळ्यावर पसरलं, हात पुसले आणि तो पाय उचलला. दिराने घ्यायला दोन्ही हात पुढे केले. ती त्या हातांच्या समोरून पाय घेऊन गेली, लाकूड कातायच्या लेथच्या दोन टोकांमध्ये बसवला आणि आवळला.

"चिमे, नको! पायावरच्या त्या गोल कडा बाबांनी कातल्यात. त्यांच्या हातची तेवढीच खूण उरलीय!"

बटणावर गेलेला तिचा हात थांबला. भाऊ खोटं बोलत नव्हता. तिने पायावरून बोट फिरवलं. लग्नात पलंग नवा होता तेव्हा या कडांना नख अडकायचं. आता रंगाच्या थरांवरून बोट साबणाच्या वडीवरून घसरावं तसं घसरलं.

"उरलीय कुठं?" ती म्हणाली. "यांच्या घरच्यांनी ती कधीच लिंपून टाकली."

तिने डोळ्यांवर चष्मा ओढला आणि लेथ सुरू केलं.

आधी चॉकलेटी रंगाच्या कपच्या उडाल्या, मग खालच्या हिरव्या, मग पिवळ्या. मग कडा गेल्या. वरची, मधली आणि शेवटी वडिलांना आवडायची ती खालची जाड. तिने दात घट्ट आवळले होते. पटाशी मात्र हलू दिली नाही. करडं लाकूड उघडं पडलं, तशी तिने लेथ थांबवलं, ओंजळीत तेल घेतलं आणि पाय हाताने फिरवत त्याला चोपडलं. लाकडाने ते शोषलं. तिने पुन्हा दिलं. पुन्हा शोषलं. तिने आणखी दिलं, आणि हळूहळू आतला लाल रंग वर येऊन थांबला, काळ्या रेघांसकट.

दीर जवळ सरकला. "असा होता हा?"

"मी तुमच्या घरी आणला तेव्हा असाच होता."

बाहेर टेम्पोवाल्याने हॉर्न दिला, मग धरूनच ठेवला. भावाने पायाकडे पाहिलं, बहिणीच्या कोपरापर्यंत तेलाने माखलेल्या हातांकडे पाहिलं. मग तो दारात गेला आणि टेम्पोवाल्यावर उगाच खेकसला, "कशाला बोंबलतोस? जा तू! इथून न्यायचं काही नाही!"

टेम्पो निघून गेला. दीर जागचा हलला नाही.

"मग घरी काय सांगू मी?"

"पाहिलंत ते सांगा," ती म्हणाली आणि लेथ पुन्हा सुरू केलं. तेलाने ओला झालेला लाल भुसा त्याच्या इस्त्रीच्या सदऱ्यावर उडू लागला. त्याने तो झटकला नाही.